तांबडा ओक आणि काळ्या रानातली बाभूळ

सोलापूरच्या नवी पेठेसारख्या बाजारात दुकानांच्या फळ्यांवर आणि दर्शनी कपाटांवर अलीकडे जी गुलाबी-तपकिरी, उभ्या रेघांची छटा दिसते, ती तांबडा ओक या परदेशी वृक्षाच्या लाकडाची छापील नक्कल असते. कागदावर रेघा छापून त्यावर राळेचा थर दाबून केलेल्या या तक्त्याला लॅमिनेट म्हणतात. ज्या लाकडाचे रूप एवढे हवेसे वाटते, त्याचा वृक्ष सोलापूरच्या शिवारात उगवत नाही. पण त्याचे काही गुण अंगी बाळगणारे एक झाड या शहराभोवतीच्या काळ्या रानात पिढ्यान् पिढ्या उभे आहे, आणि ते झाड म्हणजे बाभूळ.

तांबडा ओक हा मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला. त्याच्या पानांना खोल खाचा असून प्रत्येक खंडाच्या टोकाला ताठ केस असतो, शरदात ही पाने लाल होतात आणि त्याचे टोपीधारी फळ पिकायला दोन हंगाम घेते. लाकूड कठीण असल्यामुळे तक्तपोशीला आणि घरातल्या सामानाला ते पसंत केले जाते. मात्र त्यातील रसवाहिन्या मोकळ्या राहतात आणि त्यांतून द्रव झिरपतो, म्हणून मद्याची पिंपे पांढऱ्या ओकची करतात. या वृक्षाला आम्लधर्मी, निचऱ्याची माती मानवते आणि रुजण्यापूर्वी त्याच्या बीला हिवाळ्याची दीर्घ थंडी सोसावी लागते. सोलापूरची काळी जमीन याच्या उलट आहे: ती चुनखडीची, पावसात चिकट होणारी आणि उन्हाळ्यात खोल भेगाळणारी, आणि येथील हिवाळा तर बीला जेमतेम गारवा देणारा.

याच जमिनीत बाभूळ आनंदाने वाढते. सीना आणि भीमेच्या काठांवर, ओढ्यांच्या कडेला आणि शेतांच्या बांधांवर तिचे काळे, उभ्या चिरांचे खोड ओळखू येते. पावसाळ्यात फांद्यांवर पिवळ्या फुलांचे सुगंधी गोंडे येतात, आणि विहिरीवर झुकलेल्या काटेरी डहाळीला सुगरण आपले घरटे टांगते, कारण काट्यांमुळे शत्रूला तेथवर पोचणे अवघड जाते. तिच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जीवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात, त्यामुळे झाडाखालची माती कसदार होते. तिच्या जातींपैकी तेल्या बाभूळ लाकडासाठी नावाजलेली आहे, तर रामकाठी खराट्यासारखी सरळ वर जात असल्याने पिकावर तिची सावली कमी पडते आणि बांधावर ती अधिक सोयीची ठरते.

बाभळीचे लाकूड सागवानाहून जड आणि कितीतरी कठीण असते. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा आणि आरे, नांगर, कुळव, अवजारांचे दांडे हे सारे सुतार बाभळीचे घडवीत, कारण हे लाकूड धक्का सोसते. सालीची महती याहून मोठी आहे. तिच्यात सुमारे १२ ते २० टक्के टॅनिन असते. टॅनिन म्हणजे कातड्यातील प्रथिनांना घट्ट बांधून ते कुजण्यापासून वाचवणारे तुरट द्रव्य. युरोपात हे काम शतकानुशतके ओकच्या सालीने केले, दख्खनमध्ये ते बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने केले. कातडे पिशवीसारखे शिवून टांगायचे आणि सालीचा काढा त्यात भरून मुरू द्यायचा, अशी ही पद्धत. अशाच कातड्याच्या कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले, तेव्हा महाराष्ट्रातील ज्या चार जिल्ह्यांचा त्यात समावेश झाला, त्यांत सोलापूरही आहे.

लागवडीतही या झाडाची आणि माणसाच्या पशुधनाची गाठ पडते. उन्हाळ्यात पिकणाऱ्या शेंगा शेळ्या-मेंढ्या आवडीने खातात, पोटातून गेल्यावर बीचे टणक कवच मऊ होते, आणि वाड्यात गोळा केलेले हे बी चांगले उगवते; शेंगांतून काढलेले कोरडे बी मात्र गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजवावे लागते. पहिली दोन वर्षे रोप चरण्यापासून जपले, तर पंधरा-वीस वर्षांत ते तोडणीस येते, आणि साल याच तोडलेल्या झाडाची काढली जाते.

लोखंडी अवजारे आणि रबरी चाके आल्यावर सुताराची मागणी सरली, बांधावरची बाभूळ तुटली आणि तिच्या जागी नवी लावण्याचे कारण उरले नाही. अनेक ठिकाणी आता अमेरिका खंडातून आलेली विलायती बाभूळ पसरली आहे. तिला देशी बाभळीची बहीण समजणे चूक आहे. देशी बाभळीची लागवडही जागा पाहूनच व्हायला हवी: सोलापूरजवळच्या नान्नजचे माळढोक अभयारण्य ज्या मुरमाड गवताळ माळावर आहे, तो उघडाच राहिला पाहिजे, कारण माळढोक पक्ष्याला मोकळे गवत लागते. बाभळीचे ठिकाण काळ्या रानाचा बांध आणि ओढ्याचा काठ हेच आहे. तेथे ती शेळीला चारा देईल, जमिनीला नत्र देईल आणि चर्मकाराला साल देईल. ही तीन कामे आजही जिवंत आहेत, आणि त्यांना बाजारात योग्य मोल मिळाले, तर शेतकऱ्याला बाभूळ लावण्यासाठी वेगळ्या उपदेशाची गरज राहणार नाही.