मोडलेला चेहरा, राहिलेले नाव

नाशिकहून मुंबईच्या दिशेने निघाले की आठेक किलोमीटरवर महामार्गालगत त्रिरश्मी डोंगर लागतो. लोक त्याला पांडवलेणी म्हणतात, पण पांडवांचा इथे काही संबंध नाही. 24 लेण्यांची ही ओळ बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली. रोममध्ये ऑगस्टस, टायबेरियस, नीरो यांची राजवट चालली, त्या काळात या डोंगरावर छिन्नी चालू होती.

पायऱ्यांनी दमछाक होते. वर दहाव्या लेण्याच्या ओवरीत भिंतीवर क्षहरात कुळातल्या क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे ब्राह्मी लेख आहेत. त्यातला एक तर चक्क ठेवीची पावती आहे. त्याने नाशिकजवळच्या गोवर्धनातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे (संघाकडे) 2000 कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, महिना शेकडा एक दराने ठेवले. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याजातून वीस भिक्षूंना वर्षाला प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी द्यायचे. वर्षाचे व्याज 240, वीस भिक्षूंचे बाराप्रमाणे 240. हिशेब चोख.

एवढा पैसा या भागात खेळत होता तो बऱ्याच अंशी व्यापारामुळे. घाटांवरून माल भडोचच्या बंदरात उतरे आणि ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकाच्या मध्यातल्या ग्रीक प्रवासपुस्तिकेप्रमाणे तिथे रोमची सोन्याचांदीची नाणी नफ्याने बदलली जात. हिंदुस्थान दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीने सम्राट व्हेस्पासियनच्या काळात केली. ‘पेरिप्लस’मधला भडोचचा राजा मंबनस म्हणजे नहपानच, असे बरेच अभ्यासक मानतात. तसे असेल तर तो साधारण क्लॉडियस-नीरोच्या वेळचा ठरतो.

नहपानाच्या नाण्यांवरही पश्चिमेची छाप दिसते. दोन ग्रॅमच्या आसपासच्या चांदीच्या तुकड्यावर राजाचे मस्तक आणि भोवती वेडीवाकडी ग्रीक अक्षरे. दारणा-गोदावरी संगमाजवळच्या जोगलटेंभीत 1906 साली अशी 13,000 हून अधिक नाणी सापडली. त्यांतल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर नहपानाला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे. राजाच्या नाकडोळ्यांवर तीन कमानींचा चैत्य आणि उज्जैन चिन्ह. कॅलिगुलाच्या मृत्यूनंतर रोमच्या सिनेटने त्याची तांब्याची नाणी वितळवायचा ठराव केला होता. सातकर्णीचा मार्ग अधिक स्वस्त आणि अधिक बोलका.

तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. क्षहरातांचे कूळ आपल्या मुलाने निर्वंश केले, हे ती अभिमानाने कोरवते. तिथेच मुलाने राज्याच्या अठराव्या वर्षी काढलेली आज्ञाही आहे. भिक्षूंना 200 निवर्तने शेत दिले, आणि ते शेत कोणते हे कळावे म्हणून आधी ते उषवदाताकडे होते असे नमूद केले. उषवदाताचे स्वतःचे लेख मात्र कोणी खरवडले नाहीत. ते दहाव्या लेण्यात आजही वाचता येतात.