इमारतीचे आयुष्य आणि वास्तुकलेची पुस्तके

वास्तुकलेवरील ग्रंथांत इमारतींची जी छायाचित्रे छापली जातात, ती बहुधा एका ठरावीक टप्प्यावर घेतलेली असतात. रंगकाम नुकतेच आटोपलेले असते, काचा पुसलेल्या असतात आणि राहणारे लोक सामानसुमान घेऊन अजून आलेले नसतात. त्याआधी इमारत हा केवळ आराखडा असतो आणि त्यानंतर तिचे जे काही होईल ते वास्तुकलेच्या कक्षेबाहेरचे, अशी समजूत या प्रथेच्या मुळाशी आहे. आणि विसाव्या शतकाचा वास्तुविचार ज्या पुस्तकांनी घडवला, त्यांनीच ती पक्की केली. ल कॉर्ब्युझिए यांच्या १९२३ सालच्या 'व्हेर युन आर्शितेक्त्युर' या ग्रंथात कारखाने, आगबोटी, विमाने आणि धान्याची प्रचंड कोठारे यांची छायाचित्रे आहेत. शुद्ध भूमितीचा आपला आग्रह ठसवण्यासाठी एका अर्जेंटिनी धान्यकोठाराच्या माथ्यावरचे त्रिकोणी शोभाभाग त्यांनी छायाचित्रातून खोडून टाकले होते, हे अभ्यासकांनी नंतर मूळ चित्राशी ताडून दाखवले. म्हणजे प्रत्यक्षातली इमारत कल्पनेत नीट बसत नसेल, तर दुरुस्ती चित्रात व्हायची.

याच वास्तुविशारदाने पॅरिसजवळच्या प्वासी येथे बांधलेले आणि १९३१ साली पूर्ण झालेले साव्हॉय कुटुंबाचे घर या संदर्भात फार बोलके आहे. जमिनीपासून खांबांवर उचललेला पांढरा चौकोन, लांबलचक आडव्या खिडक्या आणि सपाट छतावरची बाग अशा रूपात हे घर जगभरच्या विद्यार्थ्यांनी पुस्तकांत पाहिले आहे. २०१६ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारशात समावेशही केला. पण घराच्या मालकीणबाईंनी छत गळत असल्याच्या तक्रारी पत्रांतून पुनःपुन्हा केल्या, आणि १९४० च्या सुमारास, युद्धाच्या धामधुमीत, कुटुंबाने ते घर सोडले. गळतीमुळे या कृतीचे कलामूल्य उणे होते असे मुळीच नाही. मात्र छत आणि पाऊस यांचा संबंध ज्या ग्रंथात दुय्यम ठरतो, तो ग्रंथ इमारतीविषयी अर्धेच सांगतो, एवढे म्हणावेच लागते.

गेल्या तीन दशकांत, आणि विशेषतः अलीकडच्या दहा-पंधरा वर्षांत, वास्तुकलेवरील उत्तम पुस्तकांनी आपली नजर या उरलेल्या अर्ध्याकडे वळवली आहे, आणि हे स्थित्यंतर कोणत्याही नव्या शैलीच्या उदयापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. त्याची पायाभरणी स्टुअर्ट ब्रँड यांच्या १९९४ सालच्या 'हाऊ बिल्डिंग्ज लर्न' या ग्रंथाने केली. ब्रिटिश वास्तुविशारद फ्रँक डफी यांच्या विचाराचा विस्तार करून ब्रँड यांनी असे मांडले की, इमारत ही एकजिनसी वस्तू नसून निरनिराळ्या गतीने जुने होणाऱ्या थरांची रचना असते. जागा जवळजवळ कायमची. पाया, खांब आणि तुळया यांचा सांगाडा तीस ते तीनशे वर्षांचा. बाहेरचे आवरण साधारण वीस वर्षांचे. नळ, तारा, वातानुकूलन अशा सेवा सात ते पंधरा वर्षांच्या. आतल्या भिंतींची मांडणी त्याहूनही अल्पायुषी असू शकते, आणि सामान तर रोजच हलते. थोडे टिकणारे थर फार टिकणाऱ्या थरांत अडकवले की इमारत स्वतःचेच नुकसान करू लागते, हे या विवेचनाचे सार. भिंतीत गाडलेल्या नळाला गळती लागली म्हणून न्हाणीघराच्या सगळ्या फरशा फोडाव्या लागलेले कोणतेही शहरी कुटुंब हा सिद्धांत न वाचताही जाणते. ब्रँड यांनी गौरवलेल्या इमारतींपैकी एक म्हणजे मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षण संस्थेतील वीस क्रमांकाची इमारत. ती १९४३ साली युद्धकाळात, तात्पुरती म्हणून, लाकडात घाईने उभारली होती आणि १९९८ पर्यंत वापरात राहिली. भिंतींना हवी तशी भोके पाडावीत, तारा ओढाव्यात, तरी कोणी हरकत घेत नसल्यामुळे ती संशोधकांना अतिशय प्रिय होती.

काळाचा विचार एकदा सुरू झाला की तो मागेही जातो: इमारत उभी राहण्यापूर्वी तिच्यासाठी काय खर्ची पडले? बार्नबस काल्डर यांच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या 'आर्किटेक्चर: फ्रॉम प्रीहिस्टरी टू क्लायमेट इमर्जन्सी' या ग्रंथात वास्तुकलेचा अवघा इतिहास ऊर्जेच्या अंगाने पुन्हा लिहिलेला आहे. माणसाच्या आणि जनावराच्या स्नायूंवर, म्हणजे अखेरीस शेतीच्या पिकावर, चालणाऱ्या समाजात दगड दुरून आणणे ही फार मोठी चैन होती आणि त्याच कारणाने ती सत्तेची खूणही होती. दगडी कोळसा आल्यावर वीट, लोखंड आणि काच स्वस्त झाली. आणि खनिज तेल व वीज आल्यावर हवामानाकडे पूर्ण दुर्लक्ष करून कोठेही कोणतीही इमारत बांधणे शक्य झाले. या मांडणीमुळे शैलींचा परिचित क्रम एकाएकी वेगळा दिसू लागतो. येथे दोन संज्ञा वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. वापराची ऊर्जा म्हणजे दिवे, पंखे, उद्वाहक आणि वातानुकूलन यांवर वर्षानुवर्षे होणारा खर्च; तर अंगभूत ऊर्जा म्हणजे सिमेंट भाजताना, पोलाद वितळवताना, माल वाहून आणताना आधीच खर्च झालेली आणि इमारतीत जणू गोठलेली ऊर्जा. सिमेंटची गोष्ट तर अधिकच बिकट आहे, कारण चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सियसपर्यंत तापवण्यासाठी इंधन जळते ते वेगळेच, शिवाय चुनखडीच्या विघटनातूनही कर्बवायू बाहेर पडतो. जगाच्या एकूण कर्बवायू उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के मानला जातो. उभी असलेली इमारत पाडणे म्हणजे ही सारी ऊर्जा मातीमोल करून तेवढीच पुन्हा खर्च करणे होय. काल्डर यांच्या विवेचनात प्रत्येक गोष्टीचे उत्तर ऊर्जेतच शोधण्याचा कल आहे, आणि श्रद्धा, हौस, स्पर्धा यांना त्यामुळे थोडी कमी जागा मिळते. तरीही हा ग्रंथ वाचल्यावर वांद्रे-कुर्ला संकुलातील काचेच्या इमारतींकडे पूर्वीच्या नजरेने पाहणे कठीण होते.

पाडण्याऐवजी वाढवणे ही भूमिका फ्रान्समधील आन लाकातों आणि जाँ-फिलिप व्हासाल यांनी प्रत्यक्षात आणली, आणि २०२१ सालचा प्रित्झ्कर पुरस्कार त्यांना मिळाला. बोर्दो येथील ग्राँ पार्क वसाहतीतील ५३० सदनिकांना त्यांनी सहकाऱ्यांसह बाहेरून खोल सज्जे आणि काचबंद ओसऱ्या जोडल्या. काम चालू असताना रहिवासी आपापल्या घरांतच राहिले. घर मोठे झाले, उजेड वाढला आणि कोणालाही बिऱ्हाड हलवावे लागले नाही.

मुंबईकडे वळताना या विचाराला एक निराळी धार येते, कारण येथे इमारतीचे आयुष्य ठरवण्यात चुना आणि लाकूड यांच्याइतकाच कायद्याचाही हात आहे. नीरा आडारकर यांनी संपादित केलेला आणि २०११ साली आलेला 'द चॉल्स ऑफ मुंबई: गॅलरीज ऑफ लाइफ' हा लेखसंग्रह या दृष्टीने मोलाचा आहे. चाळ म्हणजे एका ओळीत मांडलेल्या एक-दोन खोल्यांची बिऱ्हाडे, समोरून जाणारी सामाईक गॅलरी आणि मजल्याच्या टोकाला सामाईक संडास, एवढे वर्णन नकाशावरून करता येते. पण गॅलरीत वाळणारी पापडकुरडई, रात्री दिव्याखाली चालणारा अभ्यास, पाळ्यांवर काम करणाऱ्या गिरणी कामगारांची आळीपाळीने होणारी झोप, बायकांनी चालवलेल्या खाणावळी आणि चौकातला गणपती, हे सारे ध्यानात घेतल्याशिवाय चाळीच्या रचनेतला तर्क उमगत नाही. खोली अपुरी होती म्हणूनच गॅलरी जिवंत होती, ही वस्तुस्थिती स्मरणरंजनात हरवू देता कामा नये. अपुरेपणा हे हालाचे कारण होते आणि शेजाराचेही. चाळींचे जीर्ण होणे मात्र नैसर्गिक नव्हते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी जवळपास १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूंना आसरा मिळाला, पण डागडुजीत मालकाला स्वारस्य उरले नाही, आणि तुळयांना टेकू लावलेल्या इमारती हे शहराचे नेहमीचे दृश्य झाले. छताची गळती आणि भाड्याची पावती या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचल्याशिवाय मुंबईच्या वास्तूंचा इतिहास लिहिता येत नाही, हे या संग्रहामुळे ठळकपणे ध्यानात येते.

चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात नवी मुंबईत बेलापूर येथे केलेली वसाहत हा काळाचा हिशेब आराखड्यातच धरण्याचा प्रयत्न होता. सात-सात घरांचे गट सुमारे आठ मीटर लांबी-रुंदीच्या चौकाभोवती मांडलेले, आणि असे तीन गट मिळून त्याहून मोठा चौक. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरच्या दरम्यानचे, म्हणजे श्रीमंत आणि गरीब यांच्या जमिनीत फारसा फरक नसलेले. मुख्य गोष्ट अशी की, कोणत्याही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक ठेवली नव्हती, जेणेकरून पैसा हाती येईल तसे प्रत्येकाने आपले घर वाढवावे. लोकांनी ते खरोखरच वाढवले, पण कोरिया यांच्या उतरत्या कौलारू छपरांच्या भाषेत नव्हे. बरीच मूळ घरे पाडून तेथे काँक्रीटचे दुमजली-तिमजली बंगले उभे राहिले. वास्तुकलेच्या बहुतेक पुस्तकांत अजूनही सुरुवातीच्या काळातली छायाचित्रे छापली जातात, आणि आजची वसाहत पाहणारा विद्यार्थी बुचकळ्यात पडतो. वास्तविक चौक आणि वाटा टिकल्या आहेत, घरे बदलली आहेत, आणि हेच तर त्या आराखड्याने गृहीत धरले होते. या बदलांचे घरागणिक मोजमाप करणे हे मूळ नकाशाइतकेच अभ्यासाचे काम आहे.

राहुल मेहरोत्रा यांच्या २०२१ सालच्या 'द कायनेटिक सिटी अँड अदर एसेज' या ग्रंथात हाच विषय शहराच्या पातळीवर नेला आहे. दगड, वीट आणि काँक्रीट यांचे स्थिर शहर आणि बांबू, ताडपत्री, मांडव व फेरीवाल्यांच्या पथाऱ्या यांचे चल शहर एकाच जागेत नांदतात, अशी त्यांची मांडणी आहे, आणि दादाभाई नौरोजी मार्गावरच्या व्हिक्टोरियन कमानींखाली भरणारा बाजार हे तिचे ठळक उदाहरण. ही मांडणी मोहक आहे; परंतु ताडपत्रीखाली राहणाऱ्याला चलत्व निवडता आलेले नसते, ही बाब तिच्यात अधिक जोराने यायला हवी होती.

याउलट थॉमस हेदरविक यांचे २०२३ सालचे 'ह्यूमनाइज' हे पुस्तक खूप वाचले गेले, आणि आधुनिक इमारती सपाट, चकचकीत व नीरस झाल्याची त्यांची तक्रार अनेकांना पटण्यासारखी आहे. दुरून, रस्त्यावरून आणि दारापाशी अशा तिन्ही अंतरांवरून इमारतीने नजर धरून ठेवावी, हा त्यांचा निकषही उपयोगी आहे. मात्र जवळजवळ सगळे पुस्तक दर्शनी भिंतीपाशीच थांबते. आत कोण राहते, भाडे किती, पंप बिघडला तर कोण येते, हे प्रश्न त्यात फारसे डोकावत नाहीत. मूळचे ब्रिटिश आणि नंतर केरळात स्थायिक झालेले लॉरी बेकर यांच्या हाताने लिहिलेल्या, हाताने रेखाटलेल्या छोट्या पुस्तिका त्यापुढे कितीतरी अधिक सांगतात. विटा कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी सोडली तर सुमारे एक चतुर्थांश विटा कशा वाचतात, स्लॅबच्या खालच्या भागातले काँक्रीट भार पेलण्यात फारसा वाटा उचलत नसल्याने तेथे जुनी मंगलोरी कौले घालून सिमेंट कसे वाचवावे, हे या पुस्तिका गवंड्याला आणि घरमालकाला सारखेच समजेल अशा रीतीने मांडतात.

कधी कधी पुस्तक इमारतीपेक्षा दीर्घायुषी ठरते. दिल्लीच्या प्रगती मैदानावरील हॉल ऑफ नेशन्स हे वास्तुविशारद राज रेवाल आणि संरचना अभियंता महेंद्र राज यांचे १९७२ सालचे काम. पोलादी नळ्यांचा त्रिमिती सांगाडा परवडण्यासारखा नव्हता, म्हणून तोच सांगाडा मजुरांच्या हातांनी, जागेवर ओतलेल्या काँक्रीटमध्ये घडवला गेला. महेंद्र राज यांच्या कामांवरचा 'द स्ट्रक्चर' हा सविस्तर आरेखनांचा ग्रंथ २०१६ साली निघाला आणि पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये ती इमारत पाडण्यात आली.

मराठीत वास्तूचा अनुभव गद्यात उतरवण्याची परंपरा क्षीण असली तरी तिची सुरुवात फार उंचीवरून झाली. माधव आचवल हे स्वतः वास्तुविशारद आणि बडोद्यातले अध्यापक. त्यांच्या 'किमया'ने अवकाश, प्रकाश आणि वास्तू यांच्याकडे पाहण्याची दृष्टी वाचकांना दिली. त्यापुढचे पाऊल म्हणजे वापराचा आणि निगेचा इतिहास, आणि तो मराठी मुलखात विपुल आहे. कोकणातल्या जांभ्याच्या घराची शाकारणी पावसाळ्याआधी दरवर्षी करावी लागे, कौले चाळावी लागत, फुटकी बदलावी लागत. म्हणजे दुरुस्ती हा अपघात नसून घराच्या रचनेचाच वार्षिक भाग होता, आणि त्यासाठी लागणारी माणसे, मजुरी व कौशल्य गावातच होते. ती माणसे मुंबईला गेली तेव्हा घरांचे काय झाले, याचा आणि चाळींच्या इतिहासाचा संबंध थेट आहे.

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील बीडीडी चाळी १९२० च्या दशकात सरकारच्या मुंबई विकास विभागाने बांधल्या. एकूण २०७ इमारती, आणि प्रत्येक बिऱ्हाडाला सुमारे १६० चौरस फुटांची खोली. आता त्यांच्या जागी उंच मनोरे उभे राहत आहेत, वरळीतील पहिल्या कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये ५०० चौरस फुटांची घरे मिळाली आहेत, आणि तीन पिढ्या दाटीत काढलेल्या लोकांचा तो हक्कच आहे. परंतु जुन्या खोलीत मोरी कोठे हलवली, पोटमाळा कोणत्या उंचीवर टाकला, पडदी घालून नव्या जोडप्याला जागा कशी काढून दिली, हे शंभर वर्षांचे गृहरचनेचे ज्ञान कोणत्याही सरकारी नकाशात नाही. शेवटची इमारत पाडली जाण्यापूर्वी खोलीखोलीत जाऊन ते मोजून, रेखाटून एका पुस्तकात मांडता येईल; आणि त्याच कुटुंबांच्या नव्या घरांत काही वर्षांनी पुन्हा जाऊन उद्वाहकाचे, पंपाचे आणि देखभालीचे मासिक बिल किती येते, ते कोण भरते, दरवाजे दिवसा उघडे असतात की बंद, याचीही नोंद त्याच पुस्तकात पुढच्या पानांवर घालता येईल.