सोय कुणाची?

वसईहून चर्चगेट सुमारे ५२ किलोमीटर. आमच्या धर्मग्रामातील दोन पिढ्यांचे आयुष्य या अंतराने मोजले गेले. पहाटेची ठरलेली लोकल, रात्री परतल्यावर झोपलेल्या मुलांचे दर्शन आणि घरच्यांशी निवांत बोलणे काय ते रविवारी! मार्च २०२० मध्ये लोकलगाड्या थांबल्या आणि ऑफिसच उंबरठा ओलांडून घरात आले. साथ ओसरली, तरी ते पुरते परत गेलेले नाही. आज कित्येक घरांत आठवड्याचे काही दिवस कचेरीत व काही दिवस घरी अशी वाटणी झाली आहे. तिला हायब्रिड पद्धत म्हणतात.

गृहभेटींच्या निमित्ताने ही घरातली कचेरी आम्हांला दिसते. ती कुठे शिवणयंत्रावर मांडलेली असते, कुठे पलंगाच्या कडेवर, तर कुठे स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी. मीटिंग चालू असली की आजी खोकला दाबून धरते आणि नातवंडे खुणांनी बोलतात. एका घरी सूनबाई आम्हांला म्हणाल्या, “फादर, गाडीचे हाल संपले हे खरे. पण गाडीत निदान दीड तास मला कुणी हाक मारीत नव्हते.”

हे शब्द आमच्या मनातून गेले नाहीत. प्रवास वाचूनही विसावा का मिळू नये, या प्रश्नाने आम्हांला कचेरीच्या रचनेचा थोडा इतिहास चाळायला लावले.

अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या हर्मन मिलर या फर्निचर कंपनीने १९६४ साली ‘ॲक्शन ऑफिस’ नावाची रचना बाजारात आणली. तिच्यामागे रॉबर्ट प्रॉप्स्ट यांचा विचार होता. माणसाने दिवसभर एकाच जागी खिळून राहू नये, कधी बसून तर कधी उभ्याने काम करावे, त्याला थोडा आडोसा असावा आणि थोडी सोबतही, अशी त्यांची दृष्टी. १९६८ च्या सुधारित रचनेत हलवता येणारे आडपडदे आले. ते तिरके व मोकळे मांडावेत अशी अपेक्षा होती. परंतु हेच पडदे काटकोनात लावले की थोड्या जागेत पुष्कळ माणसे मावतात, हे कंपन्यांनी हेरले. त्यातून क्युबिकलची खुराडी जन्माला आली. माणसाला मोकळे करण्यासाठी योजलेल्या वस्तूचे हे रूप पाहून खुद्द प्रॉप्स्ट उद्विग्न झाले. पडदे तेच होते; सोय मात्र दुसऱ्याची पाहिली गेली.

हायब्रिड पद्धतीलाही हाच धोका आहे. ही पद्धत मुळात वाईट नाही. चीनमधील एका प्रवास कंपनीतील १,६१२ कर्मचाऱ्यांवर झालेला प्रयोग २०२४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणाऱ्यांत नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले आणि कामाची प्रत उतरली नाही. अधिक लाभ झाला तो स्त्रियांना आणि लांबून येणाऱ्यांना. वसईकरांना याचा अर्थ समजावून सांगायला नको!

पण कंपनीने आपल्याकडची टेबले कमी करून भाडे वाचवायचे आणि कर्मचाऱ्याने घरी स्टुलावर बसून पाठ मोडून घ्यायची, तर ती सवलत कसली? खुर्ची, उजेड, बंद करता येणारे दार आणि काम संपल्याची ठरलेली वेळ, या चार गोष्टी कुणीतरी जाणीवपूर्वक योजाव्या लागतात. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून, पन्नास वा अधिक कामगार असलेल्या कंपन्यांवर, कामाच्या वेळेबाहेर फोन व संदेशांपासून अलिप्त राहण्याच्या हक्काविषयी कामगारांशी वाटाघाटी करण्याचे बंधन आले. त्याच वर्षी आपल्या देशात मातृत्व लाभ कायद्यातील सुधारणेने पन्नास वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचे केले आणि प्रसूती रजेनंतर परस्परसंमतीने घरून काम करण्याची वाट मोकळी केली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सर्चेन्स’ या श्रमविषयक परिपत्रात माणसाला कामाच्या आधी ठेवले होते. टेबल मांडतानाही तोच क्रम पाळायला हवा.

आता घरच्यांविषयी. सून वा लेक घरी आहे म्हणजे ती मोकळी आहे, हा समज आपण सोडला पाहिजे. लॅपटॉप उघडा असेतो ती कामावर आहे. कुकरची शिटी मोजायला घरात इतरही माणसे आहेत. आणि लॅपटॉप मिटल्यावर ती घरची आहे. मग साहेबांच्या संदेशाने ताटावरून उठू नये.

ज्यांच्या घरी दार लावून बसायला खोलीच नाही त्यांचे काय? १९७३ साली लॉस एंजेलिसमधील जॅक नाइल्स यांनी एका विमा कंपनीबरोबर प्रयोग केला, त्यात कर्मचाऱ्यांना शहराच्या मध्यभागी न बोलावता घराजवळच्या छोट्या कार्यालयांत बसवले होते. आमच्या सभागृहामागची खोली सोमवार ते शुक्रवार रिकामी असते. तिला पूर्वेची खिडकी आहे, पंखा आहे आणि दारही आहे. तिथे सहा टेबले मांडावीत, असा विषय आम्ही धर्मग्राम परिषदेच्या येत्या सभेत ठेवीत आहोत. विजेचे बिल कसे भागवावे, किल्ली कुणाकडे असावी, हे सभेतच ठरेल. वाचकहो, कुणाच्या माळ्यावर धड पाठीची खुर्ची पडून असेल, तर ती तेवढी खाली उतरवून ठेवा.