चोरबाजारातील तबकडी आणि परिग्रहाची मर्यादा

मुंबईत पायधुनीच्या श्री गोडीजी पार्श्वनाथांचे दर्शन घेऊन भेंडीबाजाराच्या दिशेने निघालेला यात्रेकरू थोड्याच वेळात चोरबाजारातील मटण स्ट्रीटवर पोहोचतो. नावाने श्रावकाने बिचकू नये. येथे जुनी घड्याळे, दिवे आणि ग्रामोफोनच्या तबकड्या विकल्या जातात.

78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावते. ती जड असते आणि पडली की फुटते, कारण ती लाखेची. लाख हा कीटकांचा स्राव; म्हणूनच श्रावकास वर्ज्य असलेल्या 15 कर्मादानांत लाक्षावाणिज्याची गणना होते. जुनी तबकडी घेतल्याने नवी हिंसा घडत नाही, असे एक मन म्हणते; मागणी वाढली की तीच व्यापाराची वस्तू होते, असे दुसरे. नंतरच्या व्हिनाइलच्या तबकडीत हा पेच नाही. तीही उजेडात तिरपी धरून चरे पाहूनच घ्यावी.

दुपारी ग्रँट रोडहून लोकलने चर्चगेटला उतरून हुतात्मा चौकाचा पदपथ गाठावा. तेथील पुस्तकवाल्यांकडे 1964 साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळ किंवा अमर चित्र कथेतील ‘महावीर’ हाती लागणे हा नशिबाचा भाग. पाने मात्र मोजून घ्यावीत.

स्वस्ताईचा मोहही परिग्रहच वाढवतो. परिग्रह-परिमाण व्रत पाळणाऱ्या घरात एक जुनी वस्तू आली, तर पडून असलेली एक वस्तू गरजवंताकडे जावी. तेव्हाच या खरेदीचा हिशेब जुळतो.