भय कुणाच्या मालकीचं?

रसाचा अनुभव म्हणजे काय, हे अभिनवगुप्ताला समजावून सांगायचं होतं. हजारेक वर्षांपूर्वीच्या काश्मीरमधल्या या पंडिताला शृंगाराची उदाहरणं हवी तेवढी मिळाली असती. 'अभिनवभारती'त त्यानं निवडलं ते भय : 'शाकुंतला'तलं, दुष्यंताच्या रथापुढे मान वळवून पाहत पळणारं हरीण. ते पाहताना हरीण कुठलं, केव्हाचं, हा हिशेबच गळून पडतो, असं तो म्हणतो. मी भ्यालो की तो भ्याला, हेही उरत नाही. उरतं ते नुसतं भय, कुणाच्याच मालकीचं नसलेलं आणि म्हणूनच चाखता येणारं.

निवड मोठी धाडसाची. भयाइतकं 'मी'ला चिकटून बसलेलं दुसरं काही नाही. तेच सोडवून दाखवलं की बाकीच्या भावनांचं काम सोपं.

हिंगोली जिल्ह्यात मात्र हे वाचताना अडखळायला होतं. वसमत तालुक्यात पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत गेली कित्येक वर्षं जमिनीखालून गूढ आवाज येतात. १० जुलै २०२४ ला सकाळी सातच्या सुमारास ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तो पार नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. अशा वेळी पत्रे थडथडतात, फळीवरची भांडी एकमेकांवर वाजतात, चहा चुलीवर तसाच टाकून माणसं रस्त्यावर येतात आणि आधी लेकरं मोजतात. माझं पोरगं, माझी म्हातारी, माझी भिंत. हिशेब गळत तर नाहीच, उलट काटेकोर होतो. किल्लारीच्या भूकंपाचा १९९३ चा सप्टेंबर ज्यांना आठवतो, त्यांचा तर जास्तच.

नाट्यशास्त्रकार भरतानं भयानक रसाची कारणं सांगताना सुरुवातच विकृत आवाजापासून केली आहे. कोल्हे, घुबडं, ओसाड घर नंतर. इथवर पांगरा शिंदेवाल्यांना पटेल. पण भय हे बायकांचं आणि हलक्या प्रकृतीच्या माणसांचं, थोरामोठ्यांचं भय गुरू नाहीतर राजापुढे दाखवण्यापुरतं, हे त्याचं म्हणणं काही खरं नाही. जमीन गुरगुरली की पाटील आणि सालगडी सारख्याच वेगानं बाहेर पडतात.

अभिनवगुप्त इथे जास्त सावध आहे. रसातली विघ्नं सांगताना स्वतःच्याच सुखदुःखात अडकून पडणं त्यानं नेमकं टिपलंय. नाटकातलं गाणंबजावणं, सजवलेला मंडप हे सगळं ती अडकण सोडवायलाच, असं त्याचं मत.

पारावर मंडप नसतो. तरी आठ दिवसांनी कुणीतरी उठून सांगतो, आवाज असा आला, अन् अण्णा एका पायात चप्पल घालून असे पळाले. स्वतः पळालेलेच पोट धरून हसतात, अण्णासुद्धा. तेवढ्यात उसाचा भरलेला ट्रॅक्टर जवळून जातो, पाराचा दगड जरा हादरतो, आणि सगळे एकदम उठून उभे राहतात.