जबलपूरला जाताय? मागच्या चाकाचंही ऐका

नागपूरहून जबलपूर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. मनसर, देवलापार मागे टाकलं की खवासाला मध्य प्रदेश सुरू होतो. पुढे पेंचच्या जंगलातून जाणारा उंचावरचा रस्ता लागतो. वरून गाड्या आणि खालून वन्यप्राणी जावेत, अशी ही रचना आहे. मग सिवनी, लखनादौन आणि शेवटी नर्मदाकाठचं जबलपूर. चारचाकीतून सहकुटुंब जायला ही वाट छानच आहे. पण गाडी जुनी व्हॅन असेल तर तिच्या मागच्या चाकांकडेही लक्ष हवं.

खरं तर जबलपूर हे गाड्यांचंच गाव. इथली गन कॅरेज फॅक्टरी 1904 सालची, तर व्हेइकल फॅक्टरी 1969 सालची. लष्कराचे शक्तिमान ट्रक याच शहरात तयार झाले. जोंगा या दणकट गाडीच्या तर नावातच जबलपूर आहे. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते नाव पडलं. लष्कराने निवृत्त केलेल्या जोंगा लोकांनी हौसेने विकत घेतल्या, जपल्या. जुनी गाडी नीट सांभाळली तर किती साथ देते, हे या शहराला वेगळं सांगावं लागत नाही.

आपल्या घरांमधली जुनी व्हॅन म्हणजे बहुतेक वेळा मारुतीची ओम्नी. 1984 मध्ये आलेली ही गाडी 2019 मध्ये बंद झाली, तरी रस्त्यावर अजून भरपूर दिसते. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली, पण जोर मागच्या चाकांना. माणसं आणि सामान भरलं की वजनही मागेच येतं. मोठ्या ट्रकमध्ये चाकाचं वजन वेगळा हब पेलतो, ॲक्सल फक्त चाक फिरवतो. ओम्नीत मात्र चाक थेट ॲक्सलच्या टोकाला बसतं आणि तिथलं एकच बेअरिंग सगळा भार घेतं. ते बेअरिंग आणि त्याला धरून ठेवणारी रिंग निकामी झाली, तर ॲक्सलसकट चाक बाहेर सरकू शकतं. म्हणून हे दुखणं अंगावर काढायचं नाही.

ते ओळखायचं कसं? वेग वाढला की मागून येणारी घरघर वाढते. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो, बेअरिंगचा बदलत नाही. चहाला थांबलात की चाकाच्या मध्याजवळ हात न्या, पण टेकवू नका. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापली असेल, तर शंका घ्यायला जागा आहे. चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचे ओघळ दिसले तर ऑइल सील गेलं समजा. ते तेल ड्रममध्ये उतरतं आणि ब्रेक लागेनासे होतात किंवा गाडी एका बाजूला ओढते. सिवनीच्या आधी कुरईचा घाट आहे, हे विसरू नका.

खात्री करायची तर सपाट जागी पुढच्या चाकांना दगड लावा. मागचं चाक जॅकवर घ्या, गाडी न्यूट्रल करा आणि हँडब्रेक सोडा. चाक वर-खाली धरून हलवा. खडखड जाणवली किंवा फिरवताना खरखर आली, तर गॅरेज गाठा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नका.

दुरुस्ती मेकॅनिककडूनच करून घ्या, पण काय व्हायला हवं ते माहीत असू द्या. ड्रम काढून ॲक्सल बाहेर ओढतात. जुनी रिंग ॲक्सलला धक्का न लावता कापतात. नवं बेअरिंग आणि नवी रिंग प्रेसवर बसवायची, हातोड्याने ठोकायची नाही. सील नवंच हवं. तेलाने भिजलेले ब्रेक शू बदलायचे, तेही दोन्ही बाजूंचे. शेवटी डिफरेन्शियलमधलं तेल पुरेसं भरायचं. ॲक्सलच्या नळीवरचा हवा जाण्याचा छोटा मार्ग साफ करायला सांगा. तो तुंबला तर आत दाब वाढतो आणि नवं सीलही गळू लागतं.

या कामाला अर्धा दिवस धरा. तोवर गाडी शहरात सोडून रिक्षाने भेडाघाटला जा. धुवांधारचे तुषार अंगावर घ्या, चौसष्ट योगिनींच्या मंदिराच्या पायऱ्या चढा. पावसाळा नसेल तर संगमरवरी कड्यांमधून नावेतून फिरून या.

परतताना चाकाचे नट समोरासमोरच्या जोडीने आवळलेत ना, ते पाहा. पन्नासेक किलोमीटरनंतर, म्हणजे लखनादौनच्या आधीच एकदा थांबून ते पुन्हा तपासा. आणि पेंचचं जंगल शक्यतो उजेडातच पार करा.