दिल्लीचे परगावचे दगड

दिल्ली बघायला आलेला मराठी माणूस बहुधा घाईत असतो. हरिद्वारला जाताना एक दिवस, नाहीतर वैष्णोदेवीहून परतताना दीड. तेवढ्यात लाल किल्ला, राजघाट, इंडिया गेट, कुतुबमिनार उरकायचे असतात. कोणी बांधले आणि कधी बांधले एवढे गाइड सांगतो, आणि बस पुढे निघते. या शहरात येता-जाता मला मात्र वाटू लागले आहे की इथे विचारायचा पहिला प्रश्न वेगळाच आहे. आपल्याकडे नव्या माणसाचे नाव कळले की लगेच पुढचे विचारतात, ‘मूळ गाव कुठलं?’ दिल्लीतल्या दगडांनाही तेच विचारावे. कारण राजधानीचे वैभव म्हणून जे दाखवले जाते त्यातले बरेचसे दुसरीकडून आणलेले, जागचे हलवलेले, नाहीतर एकाचे काढून दुसऱ्याला लावलेले आहे.

फिरोजशाह कोटला हे नाव आपल्याला क्रिकेटमुळे पाठ. त्या मैदानाला लागूनच फिरोजशाह तुघलकाच्या राजवाड्याचे अवशेष आहेत. तिथे एका तीन मजली पडक्या चौथऱ्यावर अशोकाचा अखंड दगडी स्तंभ उभा आहे. उंची सुमारे 13 मीटर. हा मूळचा टोपऱ्याचा, म्हणजे आजच्या हरियाणातला. चौदाव्या शतकात सुलतानाने तो पाहिला आणि दिल्लीला न्यायचे ठरवले. शम्स सिराज अफीफ या इतिहासकाराने लहानपणी हा प्रकार डोळ्यांनी पाहिला होता, आणि त्याचे वर्णन इतके नेमके आहे की आजच्या इंजिनिअरनेही वाचावे. स्तंभाच्या पायथ्याशी सावरीच्या कापसाचे ढीग रचले, माती उकरली आणि तो अलगद त्या कापसावर उतरवला. मग कापूस थोडाथोडा काढून घेतला. दगडाला वेत आणि कातडी गुंडाळली. बेचाळीस चाकांचा गाडा केला, चाकाचाकाला दोर बांधले, हजारो माणसे जुंपली, आणि यमुनेच्या काठी आणून मोठ्या नावांवर चढवला.

एवढा खटाटोप ज्या खांबासाठी, त्यावर काय लिहिले आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. सुलतानाने पंडित बोलावले, पण ब्राह्मी अक्षरे वाचणारे त्या काळी कोणी उरले नव्हते. ते कोडे 1837 मध्ये जेम्स प्रिन्सेपने सोडवले, तेव्हा कळले की प्राण्यांना अभय द्या, वाटसरूंसाठी सावलीची झाडे लावा, धर्माने वागा असे एक राजा प्रजेला सांगतो आहे. त्याच खांबावर बाराव्या शतकातल्या विग्रहराज चौहानाचा संस्कृत लेखही आहे. म्हणजे अशोकाने कोरले, चौहानाने त्यावर आपले कोरले, तुघलकाने न वाचताच उचलून आणले. आज गुरुवारी इथे वेगळीच गर्दी असते. कोटल्याच्या अंधाऱ्या कमानींत जिन राहतात अशी श्रद्धा आहे. लोक आपल्या अडचणी कागदावर अर्जासारख्या लिहून तिथे ठेवतात, दिवे लावतात. राजधानीत सरकारदरबारी अर्ज करून थकलेली माणसे पडक्या राजवाड्यातही अर्जच करतात, हे पाहून पोटात कालवते.

कुतुबच्या आवारातला लोहस्तंभही असाच परगावचा. त्यावरच्या लेखातला ‘चंद्र’ म्हणजे दुसरा चंद्रगुप्त असे बहुतेक अभ्यासक मानतात. विष्णूचा ध्वज म्हणून तो दुसऱ्याच कुठल्या टेकडीवर उभारलेला होता. सहा टनांहून अधिक वजनाचे हे लोखंड सोळाशे वर्षे पावसात उभे आहे. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त असल्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर तयार झाला आहे, असे आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले. ज्या मशिदीच्या अंगणात तो उभा आहे, ती सत्तावीस देवळांच्या दगडांतून उभी राहिल्याचे तिच्याच दारावरचा लेख सांगतो.

आणि मग सफदरजंगाची कबर. दिल्ली दर्शनात हिला फार तर दहा मिनिटे मिळतात. मराठी माणसाने तिथे एक दुपार द्यावी असा माझा आग्रह आहे. सफदरजंग हा अवधचा नवाब आणि मुघल बादशहाचा वजीर. 1752 मध्ये मराठ्यांशी संरक्षणाचा करार घडवण्यात त्याचाच पुढाकार होता. 1754 मध्ये तो वारला आणि मुलगा शुजाउद्दौला याने ही कबर बांधली. पैसा आटला होता, चांगला संगमरवर मिळत नव्हता. तेव्हा निजामुद्दीनजवळच्या अब्दुर्रहीम खानखानाच्या कबरीवरचे दगड उपटून आणले. हा खानखाना म्हणजे आपण शाळेतल्या हिंदीच्या पुस्तकात ज्याचे दोहे पाठ केले तोच रहीम. बायकोसाठी बांधलेल्या कबरीत तो स्वतःही विसावला होता. नंतर अडीचशे वर्षे ती कबर सोललेल्या अंगाने उभी राहिली. बरीच वर्षे चाललेल्या दुरुस्तीनंतर 2020 मध्ये ती पुन्हा खुली झाली. दोन्ही कबरी एकाच दिवशी पाहाव्यात, आधी रहीमची, मग सफदरजंगाची. म्हणजे दुसरीच्या घुमटाकडे पाहताना काय पाहतो आहोत ते कळते.

रहीमवर अन्याय झाला म्हणून हळहळताना आपण लाल किल्ल्यातही जरा थांबले पाहिजे. दिवाण-ए-खासचे चांदीचे छत 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी उतरवून वितळवले. फौजेचा पगार थकला होता, उत्तरेत रसद मिळेना, अब्दाली समोर. कारण समजते. तरीही ते छत गेले ते आपल्या हातून, आणि ते तसेच सांगावे. नादिरशहाने 1739 मध्ये मयूरासन नेले हे आपण मोठ्याने सांगतो, मग हेही त्याच आवाजात सांगायला हवे. भाऊ तिथून पानिपतला गेले. शुजाउद्दौला अब्दालीच्या बाजूला होता. पण लढाईनंतर विश्वासराव आणि भाऊंच्या देहांना विधिपूर्वक अग्नी मिळावा म्हणून त्यानेच रदबदली केली, असे त्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने लिहून ठेवले आहे. म्हणूनच बापासाठी उसन्या दगडांची कबर बांधणाऱ्या या माणसाबद्दल माझ्या मनात राग टिकत नाही.

राष्ट्रीय संग्रहालयात बहुतेक जण मोहेंजोदडोच्या नर्तकीसमोर थबकतात. साडेदहा सेंटिमीटरची कांस्यमूर्ती, आणि ऐट केवढी! मी मात्र तिथल्या एका हाराकडे जातो. तोही मोहेंजोदडोचाच. फाळणीच्या वेळी वस्तूंची वाटणी झाली तेव्हा तो ओवलेला हार सोडवून मणी अर्धे-अर्धे केले. अर्धे दिल्लीत, अर्धे पाकिस्तानात. साडेचार हजार वर्षांपूर्वी कोणीतरी ओवलेली माळ दोन सरकारांनी मोजून तोडली, याइतके फाळणीचे स्पष्ट चित्र मला कुठे दिसलेले नाही.

नव्या दिल्लीलाही जागा बदलण्याची सवय जन्मतःच लागली. 1911 च्या दरबारात पंचम जॉर्जने उत्तरेकडे राजधानीची पायाभरणी केली. पुढे जागा पसंत पडेना, आणि शहर रायसीनाच्या टेकडीवर गेले. इंडिया गेटमागच्या छत्रीत त्याच राजाचा संगमरवरी पुतळा होता, तो 1968 मध्ये हलवला. आता तो उत्तर दिल्लीतल्या कॉरोनेशन पार्कमध्ये उभा आहे, जिथे त्याने पायाभरणी केली होती तिथेच. छत्री चोपन्न वर्षे रिकामी राहिली. 2022 मध्ये तिथे नेताजींचा पुतळा आला.

कॉरोनेशन पार्कपासून दक्षिणेला रिजवर अजितगड आहे. 1857 मध्ये दिल्लीच्या वेढ्यात पडलेल्या कंपनीच्या सैनिकांसाठी इंग्रजांनी उभारलेला मनोरा. त्यावरच्या मजकुरात आपल्या लोकांना ‘शत्रू’ म्हटले आहे. 1972 मध्ये तो मजकूर खोडला नाही. शेजारी दुसरी पाटी लावली, की ज्यांना इथे शत्रू म्हटले आहे ते स्वातंत्र्यासाठी लढणारे होते. दिल्लीत जुन्याचे जे काही केले गेले त्यात हे मला सगळ्यांत शहाणपणाचे वाटते. जवळच फिरोजशाहाने मेरठहून आणलेला अशोकाचा दुसरा स्तंभ आहे. अठराव्या शतकात बारूद उडून त्याचे तुकडे झाले, ते कलकत्त्यालाही जाऊन आले आणि 1867 मध्ये पुन्हा जोडून उभे केले.

इथवर आलात तर मेट्रोच्या सिव्हिल लाइन्स स्थानकाजवळच्या 26, अलीपूर रोडला गेल्याशिवाय परतू नका. मंत्रिपद सोडल्यानंतर बाबासाहेब आंबेडकर इथे राहिले आणि 6 डिसेंबर 1956 रोजी इथेच गेले. जुने घर आता नाही. उघडलेल्या संविधानाच्या ग्रंथासारखी इमारत तिथे उभी राहिली आहे. विमानाने पार्थिव मुंबईला आणले गेले, आणि चैत्यभूमी दादरला झाली. दरवर्षी तिथे जाणाऱ्यांपैकी ज्यांना जमेल त्यांनी एकदा हीही जागा पाहावी. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ याच पत्त्यावर, मधुमेहाने खंगलेल्या शरीराने त्यांनी पुरा केला. तो छापून आला 1957 मध्ये.